दोऱ्याखालची वाटणी

आधी माझा येडेपणा लिवून घ्या, म्हंजे पुढचं ऐकताना मला शहाणी समजायची चूक तुमच्याकडनं व्हायची न्हाई. नवऱ्याची दारू कमी करायचं काम घरानं माझ्यावर सोपवलं, आणि म्या ते इतकं मन लावून केलं, की वरसाच्या आत त्यांची सुटत आली आणि माझ्या तोंडाला लागली. हसा, हसा. मी बी हसते आता. तवा हसले नव्हते. तवा मी बावीस-तेवीस वरसांची, अंगानं दांडगी, आणि आपल्याएवढं डोकं साऱ्या खोऱ्यात कुणाला न्हाई अशी माझी समजूत.

माझं माहेर पासलीच्या वरच्या अंगाला. भाताची चार खाचरं, उतारावर नाचणी न वरई, आणि पाणी पार खाली ओढ्याला, त्यामुळं चालाय लागले तशी डोक्यावर कळशी आली. आई म्हणायची, येसूच्या डोक्यावर पाणी झोपतंय, म्हंजे माझी चाल इतकी सरळ की कळशीतलं पाणी हलायचं न्हाई. ह्या एका गोष्टीचा मला जो ताठा व्हता तो काय सांगू तुमाला, दुसऱ्या बाईच्या डोक्यावरनं थेंब पडला तर मी थांबून बघायची, आणि म्या बघितलं ते तिनं बघितलं का, ते बी बघायची.

दिलं मला मार्गासनीच्या बाजूला, डोंगराच्या अंगाच्या वाडीत. दुसरी लढाई लागायच्या आधीची गोष्ट, भोर संस्थान व्हतं, एस.टी. कुठली, वेल्ह्याच्या बाजारला जायचं तर पायानंच. मला करून आणली ती रूप बघून न्हाई, ते तुमाला दिसतंयच. आणली ती माझी चाल बघून.

त्याचं असं, की आमच्या घराला वाघजाईच्या काठीचा मान. तीन माणसं एकावर एक उभी केली तर जेवढी व्हतील तेवढा उंच बांबू, शेंड्याला निशाण, आणि तो चैताच्या जत्रंला गावातनं डोंगरावरच्या ठाण्यापर्यंत घराच्या कर्त्यानं एकट्यानं न्यायचा. कमरंच्या पट्ट्यात बूड अडकवायचं, दोन्ही हातांनी तोलायचा, वाटंत सात वळणं, आणि काठी कुठंबी जमिनीला टेकवायची न्हाई. त्याच्या मागं त्याची बायको, डोक्यावर झऱ्याच्या पाण्यानं भरलेली कळशी. ती बी वाटंत उतरवायची न्हाई, त्याच पाण्यानं देवीची अंघोळ. आणि आमच्या मागं कोण, तर खालच्या आळीची माझी चुलत जाऊ, रिकामी कळशी काखंत घेऊन. आमची काठी टेकली न्हाईतर कळशी उतरली, की मान तिच्या घरात. काठी साऱ्या गावाला लांबनं दिसते, कळशीकडं कुणाचं ध्यान नसतं. माझं बी नव्हतं, हाच सगळा घोटाळा.

आमचे मालक माणूस लाखाचा, पण संध्याकाळ झाली की बाटली. ओढ्याकाठी एक म्हातारा गाळायचा, सुगीला त्याला नाचणी घातली की वरसभर रोज दिवेलागणीला एक बाटली घरपोच. त्या साली जत्रंला मालक सकाळीच घोटभर घेऊन निघाले, आणि तिसऱ्या वळणावर पाय घसरला न काठी टेकली. लगीच उचलली, पण साऱ्या गावानं बघितली. चुलत जाऊ पुढं झाली, कळशी काखंतनं काढली बी तिनं. भावकीतल्या चार म्हाताऱ्यांनी तिला थांबवलं आणि मालकांना म्हणाले, तुझ्या बापाकडं बघून एक साल देतो, पुढच्या चैताला टेकली तर मान खाली गेला, मंग आमच्या दारात यायचं न्हाई.

मालक घरी आले, भिताडाकडं तोंड करून बसले, जेवले न्हाईत. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, आता भिताडाला कशाला तोंड दाखवतोस, डोंगराला दाखव. बास, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासनं मालकांनी जोर-बैठका सुरू केल्या. पहिल्या दिवशी बारा बैठका झाल्या, तेराव्याला खाली बसले ते उठायलाच येईना, मला हाक मारली, म्या काखंत हात घालून उठवलं, आणि आत्याबाई म्हणाल्या, ही बैठक देवीपुढं काढू नगंस. पण माणूस हटला न्हाई. नदीच्या पात्रातला एक गोल गोटा खांद्यावर घेऊन बांध चढायचे, बांबूच्या शेंड्याला दगड बांधून तो घेऊन खळ्याला फेऱ्या मारायचे, कारण वर खिंडीत वारा निशाणाला धरतो तवा काठी तशीच जड व्हती. म्हशीचं दूध समदं त्यांना, मला ताक.

आणि दारूचं त्यांनी असं ठरवलं, एकदम सोडायची न्हाई, एकदम सोडली तर हात कापतात आणि कापत्या हातांनी काठी कशी धरायची. बाटलीला त्यांनी बुडापासनं दोन बोटांवर काळा दोरा बांधला. दोऱ्याच्या वरची ते पिणार, खालची मी ठेवून द्यायची. दर अमावस्येला दोरा बोटभर वर सरकवायचा. म्हंजे बघा, दोरा वर चढंल तसा त्यांचा वाटा कमी. आणि दोऱ्याखालचा वाटा वाढतोय, ह्याचा इचार त्या घरातल्या तीन शहाण्या माणसांपैकी एकानं बी केला न्हाई. दोऱ्याखालच्याचं काय करतीस, मालकांनी इचारलं. म्या छातीठोक सांगितलं, आत्याबाईंच्या गुडघ्यांना चोळीन. आत्याबाई तिथंच शेंगा फोडत व्हत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत शेंगा फोडाय लागल्या.

पहिलं दोन महिने म्या ती उकिरड्यात ओतली. मंग एक दिस ओतता ओतता मनात आलं, अगं येसू, ही नाचणी कुणी खुरपली, तू खुरपलीस, कंबर मोडंपर्यंत उताराला वाकून खुरपलीस, आणि आता ती उकिरड्याला घालतीस. तेवढ्यात भाताची आवणी, म्हंजे लावणी, आली. दिसभर गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस, अंग नुसतं ठणकायचं, आणि आवणीच्या बाया सांगायच्या की एक घोट घेतला की पाठ सरळ होती. घेतला. झाली सरळ. दुसऱ्या दिशी परत वाकडी झाली म्हणून परत घेतला. तवा दोरा बाटलीच्या तिसऱ्या हिश्शावर आलेला. दिवाळीला अर्ध्यावर. संक्रांतीला मालक फक्त बाटलीच्या मानंतली पीत व्हते, आणि बाकीची सगळी बाटली, देवाची आण, वाया गेली न्हाई.

आणि माझा तोरा कमी झाला व्हय? पाणवठ्यावर बायांना सांगायची, आमच्यांनी आज दोनशे बैठका मारल्या, आमच्यांचं पोट आत गेलं, आमच्यांचा दंड बघा. स्वतः कळशी उचलताना तोंडातनं फसफस हवा जायची ते माझं मलाच ऐकू येत न्हवतं. आमटीत मीठ दोनदा पडायचं न्हाईतर पडायचंच न्हाई. एकदा पाणवठ्यावरनं येताना पाणी सांडलं, पदर भिजला, तर म्या चुंबळीला शिव्या दिल्या न नवी चुंबळ वळली. परत सांडलं, तर कळशीचं बूड वाकडं झालंय म्हणून ती ठोकून आणायला मालकांना बाजारला धाडलं. आणि आत्याबाई कधी कधी माझ्यापुढं पाय लांब करून बसायच्या, गुडघे दाबायच्या, म्हणायच्या, लई ठणकतंय बाई. मी म्हणायची, व्हय आत्याबाई, हवा बदलतीया.

शिमगा झाला. जत्रा महिन्यावर आली. मालक म्हणाले, उद्या सकाळी काठी घेऊन चढून बघू, तू बी कळशी घे. मी म्हणाले, मला कशाला, मी काय पहिल्यांदा चढतीया. ते म्हणाले, घे गं, जोडीनं बघू.

पहिल्या वळणाला माझ्या डोळ्यांपुढं काजवे. दुसऱ्याला पाय असे झाले, जशी दोर वळायची भिजलेली वाख. आणि म्या, जिच्या डोक्यावर पाणी झोपायचं, तिनं कळशी काढली, वाटंवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. मालक वर उभे, काठी नीट उभी, धाप न्हाई. म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, चुंबळ सरकतीया. म्हणाले, चुंबळ डोक्यावर, धाप छातीत, दोघींचा काय संबंध? मी म्हणाले, ऊन लई हाय. ऊन कुठलं, सूर्य अजून डोंगराच्या पल्याड. ते दोन पावलं खाली आले, काठी न टेकवता, माझ्या तोंडाजवळ वाकले आणि वास घेतला.

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, वरसभर मी दोऱ्यासंगं वर चढत व्हतो, आणि तू दोऱ्याखालनं उतरत व्हतीस. मंग आवाज खाली गेला. म्हणाले, आता मी एकटा वर पोचून काय उपेग, कळशी उतरली की काठी बी उतरलीच.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यातली सगळी नशा पायातनं निघून गेली. काठीवर एवढं वरीस घातलेला माणूस, आणि त्याचा मान माझ्या डोक्यावरनं खाली पडणार, चुलत जाऊ काखंतली कळशी काढणार. मी उठले. म्हणाले, आवं, दोरा माझ्यासाठी बांधा.

बांधला त्यांनी. माझ्या वाट्याला वरची चार बोटं, आठ दिवसांनी दोन, मंग एक, आणि आता दोऱ्याखालची ते माझ्यादेखत दारापुढच्या दगडावर ओतायचे, नाचणीचा न माझ्या खुरपण्याचा काय बी मुलाहिजा न ठेवता. स्वतः त्या दिवसापासनं थेंब घेतला न्हाई. हात कापायचे माझे, भाकरी थापताना चंद्रकोर व्हायची. आत्याबाई सकाळी नाचणीची आंबील पुढं ठेवायच्या, आणि मंग खळ्यात उभं करून काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर द्यायच्या. खळ्याला वीस फेऱ्या. एक थेंब सांडला की झऱ्यावर जाऊन परत भरून आण. त्या खांबाला टेकून मोजायच्या, आणि मी अठरा म्हणाले की त्या म्हणायच्या, चौदा. मालक पुढं बांबू घेऊन, मागं मी, दोघं फिरतोय, आणि म्हैस रवंथ करत आमच्याकडं बघतीया, की ही कसली मळणी बाई, खाली कणीस न्हाई न काय न्हाई.

जत्रंच्या पाच दिस आधी दोरा बाटलीच्या तोंडाला लागला. मंग मालक ओढ्यावर गेले न म्हाताऱ्याला म्हणाले, बाटली बंद. तो म्हणाला, नाचणी परत मिळायची न्हाई. मालक म्हणाले, ठेव, भाकरी करून खा. इतकं सोपं व्हतं ते. वरसभर आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

जत्रंचा दिस उजाडला. हलग्या वाजाय लागल्या, मालकांनी काठी उचलली, आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर कळशी दिली. मागं जाऊबाई, काखंत रिकामी कळशी, घासूनपुसून लखलखीत. पहिली चार वळणं झाली ती म्या मोजली बी न्हाईत. पाचव्याला मांड्या भरून आल्या. सहाव्याला खिंड, आणि खिंडीत वारा. निशाण फडाफडा व्हतंय, काठी डावीकडं झुकली, साऱ्या गावानं श्वास धरला. मालकांनी गुडघे वाकवले, काठी सावरली. तिथनं भराभर वर निघून जायचं, वाऱ्यात थांबायचं न्हाई, ही त्यातली रीत. पण ते भराभर गेले न्हाईत. त्यांनी मागं बघितलं न्हाई, बघता येत न्हवतं, पण माझी धाप ऐकली असंल, कारण त्यांनी पाऊल आखडलं. एवढी काठी, एवढा वारा, आणि हा माणूस माझ्या पावलाला पाऊल जुळवत चाललाय, मानंच्या शिरा दोरीवानी उभ्या. तवा मला कळलं की वरसभर जे कमावलं ते त्यांनी एकट्यापुरतं खर्चलं न्हाई. मी दात आवळले. मागनं जाऊबाई हळूच म्हणाली, वहिनी, जड झाली का? मी म्हणाले, न्हाई गं, तुझी रिकामी लई वेळ धरून हात दुखला असंल तुझा.

वर पोचलो. गुरवानं कळशी उतरवून घेतली, आत बघितलं, म्हणाला, काठोकाठ. काठी ठाण्याला लागली, ती अजून आमच्याच घराची लागती, आता नातू नेतोय, मागं नातसून. त्या घरात बाटली परत आली न्हाई. देवीनं दोघांचे पाय असेच घट्ट ठेवावेत.

आता माझेच गुडघे गेले. नातसून संध्याकाळी मलमाची डबी घेऊन बसते, चोळते, आणि मला हसू फुटतं. ती इचारते, आजी, रोज काय हसता? आज तुमाला सांगते, तिला बी ऐकू दे. त्या दिशी डोंगरावरनं खाली आलो, मी फुगून उंबऱ्यात उभी, आता शाबासकी मिळणार म्हणून. आत्याबाईंनी पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, आणि म्हणाल्या, येसू, पाणी न सांडता नेलंस, बेस केलंस, आता माझ्या गुडघ्यांची वरसभराची चोळणी राहिलीया, ती कधी सुरू करतीस?