नायर फिटरचा वस्तरा

देवराम: परत मोज.

जगदीश: मामा, दोनदा मोजलं. वस्तरा एक. ब्रश दोन, त्यातल्या एकाचे केस गळतायत. पितळेची वाटी एक. साबणाची वडी, पाऊण उरलेली. तुरटीचा खडा. चामड्याचा पट्टा एक, धार लावायची सिल्ली एक, आरसा एक. नऊ वस्तू.

देवराम: आणि पाणी?

जगदीश: पाणी वस्तूंत धरायचं?

देवराम: पाणी पयलं धराचं. गरम पाण्यानं केस नरम पडला नाय, तर बाकीच्या नऊ वस्तू गेल्या चुलीत. गो, पाणी झालं का?

देवकी: झालं. काल रातीपासून पाणी पाणी करतायत, जगदीश. जसं काय पोराला हळद लावाची हाय.

देवराम: आण तू. बोलू नको.

देवकी: आणते. पण एक सांगून ठेवते. दोन हजार तीन साल आलं. वस्तऱ्याला आता सलूनवालेपण ब्लेड तोडून लावतात. ह्याला कशाला शिकवता? त्याची दाढी कुठं अडलीय?

जगदीश: मामी, मीच म्हटलं शिकीन.

देवराम: सहा वर्षं बोलतोय शिकीन. पुढच्या रविवारी येतो मामा, पुढच्या रविवारी येतो. मुरबाडवरनं खर्डीला यायला ह्याला सहा वर्षं लागली. आता उद्या पहाटे चालला गुजरातला नोकरीला, तवा आला.

जगदीश: सुट्टी मिळत नव्हती. लॅबला रविवार नसतो.

देवराम: लॅबला नसंल, दाढीला असतो. बस इथं. नाय, पाटावर मी बसतो, तू खुर्चीवर बस. माझ्या तोंडावरच शिकाचं.

जगदीश: तुमच्या? मला वाटलं तुम्ही करून दाखवणार.

देवराम: कशानं दाखवू? हा हात बग. चहाचा कप धरला तर बशी वाजते. आरशासमोर बसलो तर वस्तरा कुठं आणि गाल कुठं! आता तोंडानं सांगायचं, तुझ्या हातानं कराचं. तेवढंच राहिलंय.

जगदीश: शेखरदादा आला होता ना दिवाळीत? त्याला का नाही...

देवराम: शेखर? कल्याणवरनं येताना माझ्यासाठी पिवळे प्लास्टिकचे रेझर घेऊन आला, पाकिटातले. एकदा वापराचं, टाकाचं. मी बोललो, शेखर, बस, तुला वस्तरा दाखवतो. तर मला बोलतो, बाबा, मी काय धोकटी घेऊन घरोघरी फिरू का आता?

देवकी: तो गमतीनं बोलला.

देवराम: मी पण हसलो. मग रातभर झोप नाय. तू माझ्या बहिणीचा. तुझं जावळ ह्या मांडीवर काढलं. कात्री लावाचा मान मामाचा, म्हणून मी ती लावली. पुढं ह्याच वस्तऱ्यानं सगळं डोकं साफ केलं. रडला पण नाय तू. न्हावी बोलला, देवराम, माझ्या पोटावर पाय देतोस का रे?

जगदीश: ह्याच वस्तऱ्यानं?

देवराम: ह्याच. नायर फिटरचा हा. धरणाचं काम चालू होतं तवा आमच्या पाळीला होता. रोज सकाळी पत्र्याच्या खोलीबाहेर बसून दाढी कराचा. आमी सगळी पोरं पंधरा दिवसांनी झाडाखाली न्हाव्यापुढं बसणारी. मी त्याच्यासमोर उभाच राहाचा. एक दिवस बोलला, देखता क्या है, पकड. काम संपलं, तो गावाला गेला, जाताना वस्तरा माझ्या हातात ठेवला. बोलला, अकेला मत रखना, किसीको सिखाना.

देवकी: तेवढं हिंदी ह्यांना अजून पाठ हाय. बाजाराची पिशवी इसरतात.

देवराम: ब्रश भिजव. घे. आता वडीवर गोल फिरव. दाबू नको, रांगोळीला रंग भरतोस तसा. फेस उभा राहिला पायजे, वाहिला नाय पायजे.

जगदीश: असा?

देवराम: पाणी जास्त झालं. झटक. हां. आता लाव. केसाच्या उलट लाव, म्हणजे केस उठतो. नाकात नको घालू रे!

जगदीश: सॉरी, सॉरी.

देवकी: घाल घाल. बोलाचं तरी थांबतील.

देवराम: आता वस्तरा. पट्ट्यावर वीस वेळा फिरव. पाठ पुढं, धार मागं. वळवताना पाठीवर वळव, धारेवर नाय. बरोबर. बरा हाय तुझा हात. आता इथं, कानापाशी. डाव्या बोटानं कातडी वर ताण. वस्तरा गालावर झोपव, मग जरासा उठव.

जगदीश: जरासा म्हणजे किती? अंदाजे तीस अंश?

देवराम: अंश काय असतो ते मला नको विचारू. जरासा. मी ठेवला की कळाचं मला. चल, खाली घे. एका दमात.

जगदीश: मामा, डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. ओढतोय का?

देवराम: नाय ओढत. चालव.

जगदीश: ओढतोय. केस कापला जात नाहीय, उपटला जातोय. हा बघा, गाल लाल झाला.

देवराम: पट्ट्यावर नीट फिरवला नसशील.

जगदीश: तुम्ही सांगितलं तसाच फिरवला.

देवराम: मग मी चुकीचं सांगितलं. दे इकडं. दे. मी फिरवतो.

देवकी: आवो, नको. तुमचा हात...

देवराम: मागं हो तू. जगदीश, पट्टा ताणून धर.

(देवराम वस्तरा पट्ट्यावर फिरवतो. तिसऱ्या फेऱ्याला हात थरथरतो आणि धार चामड्यावर उभी आदळते.)

जगदीश: मामा! सोडा, सोडा. लागलं का?

देवराम: पट्टा कापला?

जगदीश: बघतो.

देवराम: कापला असणार. गेला. तीस वर्षांचा पट्टा. ठेव रे सगळं. पुसून ठेव. दिवाळीपासून हेच चाललंय. मी कुणाला बोललो नाय. दिवाळीनंतर पयल्यांदा बसलो तर ओढला. दुसऱ्या दिवशी पण. मला वाटलं हात थरथरतोय म्हणून. मग पट्ट्यावर जास्त फिरवला, तरी तेच. तवा समजलो, हात नुसता हालत नाय, इसरला पण. जे हाताला ठाव होतं ते गेलं. आता तुला तोंडानं सांगायला गेलो, तर तोंड पण खोटं निघालं.

जगदीश: मामा, एक मिनिट.

देवराम: तुझा दोष नाय. उद्याची तयारी कर, जा.

जगदीश: मामा, पट्टा कापलेला नाही. ओरखडासुद्धा नाही.

देवराम: उभी आदळली ना?

जगदीश: उभी आदळली. जोरात. धार असती तर चामडं चिरलं असतं. हे बघा, बोट फिरवा. आहे काही?

देवराम: नाय.

जगदीश: मग हा तुमच्या हाताचा प्रश्न नाही. थांबा, उजेडात धरतो. धारेवर पांढरी रेघ दिसतेय, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चांगल्या धारेवर उजेड थांबायला जागाच नसते. आणि मधे खाच आहे. नख अडकतंय. तुम्हाला दिसली नाही?

देवराम: मोतीबिंदूतनं मला तुझं नाक दिसतंय तेच खूप. खाच? वस्तऱ्याला? तो पडला नाय कदी. डब्यातनं पट्ट्यावर, पट्ट्यावरनं डब्यात. खाच कुठनं येल?

देवकी: जगदीश, पाणी निवलं. दुसरं आणते.

जगदीश: मामी?

देवकी: काय?

जगदीश: ह्या वस्तऱ्यानं कोणी काही कापलं का? दोरी, पत्रा, काही?

देवकी: कापलं नाय.

देवराम: मग?

देवकी: घासला.

देवराम: कशावर?

देवकी: इहिरीवरच्या दगडावर. कोयते लावतात त्या. भातकापणीला शेजारचा धाऊ कोयते लावत बसलेला. मी नेऊन दिला. तो बोलला, वैनी, ह्याला धार असतेच, अजून काय लावू? मी बोलले, लावू नको. घालव.

देवराम: घालव बोललीस?

देवकी: घालव बोलले. तो नको नको करत होता. देवरामदादा मला गावात ठेवणार नाय बोलला. मी बोलले, दादा राहिला तर तुला काढंल ना गावातनं.

जगदीश: मामी, पण का?

देवकी: तू नव्हतास रे. धनतेरसच्या सकाळी ह्यांनी इथं, गळ्याच्या शिरेपाशी कापून घेतलं. रगत थांबंना. मी तुरटी दाबून बसले, सगळा हात लाल माझा. आणि हे हसत होते. बोलले, काय नाय गो, डास चावला. परत दुसऱ्या दिवशी वस्तरा घेऊन बसायला तयार. लपवला असता तर शोधला असता. फेकला असता तर जेवले नसते. मग मी काय कराचं होतं? सांग तू. शिकलेला हायस ना, सांग.

देवराम: मला सांगाचं होतं.

देवकी: तुमी ऐकलं असतं?

देवराम: नसतं ऐकलं.

देवकी: मग.

देवराम: चार महिने, देवकी. चार महिने मी रोज सकाळी ह्या हाताकडं बगून बसतो. तुला दिसत नव्हतं?

देवकी: दिसत होतं.

देवराम: आणि?

देवकी: जिता माणूस बसलेला दिसत होता.

जगदीश: मामा, सिल्ली आहे ना. सिल्लीवर परत लागेल की धार. सांगा मला, मी घासतो. अजून सकाळच आहे.

देवराम: कोयत्याच्या दगडानं खाल्लेलं सिल्लीनं भरंल?

जगदीश: भरणार नाही. खाचेच्या तळापर्यंत सगळं पातं झिजवावं लागेल, मग नवी धार येईल. करून बघू.

देवराम: गो, सिल्ली भिजव.

देवकी: मी?

देवराम: मग कोण? धाऊ?

जगदीश: आता सांगा.

देवराम: सपाट ठेव. पाठ पण टेकली पायजे, धार पण. आता पट्ट्याच्या उलटं. धार पुढं, जसं सिल्लीवरनं साय काढतोस. पाठीवर वळव. परत. आवाज ऐकू येतो?

जगदीश: येतो. मधेच टक करतंय.

देवराम: ती खाच. टक थांबंस्तवर थांबू नको.

जगदीश: जोर किती लावू?

देवराम: वस्तऱ्याचं वजन तेवढाच जोर. आता तुला कसं सांगू मी? एकदा हात माझ्या हातावर ठेव. नाय, नको. तुला पण थरथरच कळंल.

देवकी: मी मनगट धरते तुमचं. दोन्ही हातांनी. बगा, जमतं का.

देवराम: सोड.

देवकी: धरते ना. बगा तरी.

देवराम: अजून हालतंय. दोघांचं हालतंय. सोड गो, सोड. त्यालाच करू दे.

जगदीश: तुम्ही नुसतं ऐका, मामा. चुकलं तर सांगा.

देवराम: चालव. हां. जड झाला हात, हलका कर. हां. आता एका बाजूनं जास्त जातोय.

देवकी: जेवाल ना? दोन वाजले.

देवराम: त्याला भरव. हात नको थांबवू त्याचा.

देवकी: त्याला काय मी भरवाचं? नवरदेव हाय का तो?

जगदीश: मामी, खरंच ताट राहू द्या. मामा, आवाज बदलला?

देवराम: थोडा. टक बारीक झालं. गेलं नाय.

जगदीश: सिल्ली मधे खोलगट होतेय.

देवराम: ती कदीची हाय तशी. कडेनं घे.

देवकी: गाय आली रानातनं. तुमी दोघं अजून तिथंच. जगदीश, तुझी बोटं बग, सालं निघालीत.

जगदीश: असू दे. मामा, मला आता टक ऐकू येत नाही.

देवराम: मला पण नाय. पण माझे कान पण मोतीबिंदूवाले. पट्ट्यावर फिरव. फिरवला? आता केस धराचा. नायर तसंच बगाचा. मुळाकडनं चिमटीत धर, दुसरं टोक मोकळं. वस्तऱ्याच्या धारेवर नुसता सोड. धार असंल तर तुटून पडतो. ओढाचा नाय.

जगदीश: माझे केस बारीक कापलेत. धरता येणार नाहीत.

देवकी: माझे घे. पांढरे चालतील?

देवराम: केस काय रंगानं तुटतो? दे.

देवकी: उपट रे. घाबरू नको. दहा घे. अजून लागले तर मी उभी हाय.

देवराम: उजेड हाय अजून?

जगदीश: आहे.

देवराम: मला दिसत नाय. तू बग आणि खरं सांग. मामाचं मन राखू नको.

जगदीश: नाही राखत.

देवराम: झाले दहा?

जगदीश: झाले.

देवराम: किती तुटले?

जगदीश: नऊ वाकले. एक मी ओढला म्हणून तुटला.