भगवंता गुरवाचा पेढा

मंडळी, मला एक सांगा! कोठारात धान्याची रास आहे, अन् घरातली माणसं उपाशी — असं कधी होतं का? नाही म्हणता? होतं! ऐका!

एका गावात खंडोबाचं देऊळ. तिथं भगवंता गुरव. रिवाज असा, की नैवेद्य दाखवला की पहिला पेढा गुरवाच्या हातावर! भगवंता म्हणायचा, "नको हो, मला साखर निघालीय." की लोक सुरू — "अहो, देवाचा प्रसाद तो! एकानं काय होतंय?" झालं! संध्याकाळपर्यंत गुरवाच्या पोटात पेढ्यांचं दुकान! हसताय काय? भरवणारे कोण होते? त्यालाही वाटायचं, देवाचं आहे, देव बघून घेईल.

पण अंगात त्राण नाही! देवळाच्या पायऱ्या चढला की धाप! अन् एकदा बायको इंदूबाई किंचाळली, "अगं बाई! अहो, तुमच्या पायात खिळा घुसलाय!" रक्त वाहतंय — अन् भगवंताला पत्ताच नाही! 

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. म्हणाल्या, "काका, खाल्लेली साखर रक्तात उतरते. इन्सुलिन हा निरोप्या. तो पेशीच्या दाराची कडी वाजवतो, निरोप आत पोचतो, दार उघडतं, साखर आत जाते. तुमच्याकडे कडी दिवसभर वाजतेय, ऐकून ऐकून पेशी बहिऱ्या झाल्यात! त्यात पेशीत साचलीय चरबी, निरोप पुढं सरकतच नाही. शरीर आणखी निरोपे धाडतं, शेवटी तेही थकतं. साखर दाराबाहेर पडून, पेशी आत उपाशी! त्याच साखरेनं नसा बधिर केल्या. आता सांभाळलं नाहीत, तर जखम चिघळून पाय कापावा लागेल."

पाय! ज्या पायावर देवाच्या पालखीपुढं चालायचं, तो पाय!

आली जत्रा! सरपंच तुकाराम जगदाळे पेढा घेऊन पुढं. भगवंतानं हात जोडले. "नको, सरपंच."

"आमच्या हातचा प्रसाद नको? अहो, एकानं—"

"देवाला पोचला, सरपंच! मला पाय हवाय. देवापर्यंत चालत यायला!"

सरपंचांचा हात तसाच पुढं. अन् मग हळूहळू मागं गेला.

मंडळी, भगवंताच्या पेशी बहिऱ्या झाल्या, त्याला औषध आहे. पण तो माणूस वर्षानुवर्षं "नको" म्हणत होता — अन् सगळं गाव बहिरं! आज घरी जाल. पाहुण्याच्या ताटात लाडू वाढाल. तो हात आडवा धरील. तेव्हा ऐकू येईल ना तुम्हाला?