येशाबासाहेबाचा दुभाष्या

...आणि वर म्हणे, श्रीपादला स्पॅनिश येतं! कुणी उठवली ही आवई? तुम्हाला सांगतो, झालं होतं एवढंच, की भोर संस्थानच्या कचेरीत कुणीतरी स्पेनच्या माशांचा डबा आणला आणि आमच्या श्रीपाद कारकुनानं त्यावरची अक्षरं इंग्रजीसारखी जुळवून मोठ्यानं वाचली. कारभारी मागंच उभे. लगेच म्हणाले, हा आपला दुभाष्या. आता कारभाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

दुभाष्या कशाला? तर संस्थानानं फुटबॉलचा संघ काढला होता आणि शिकवायला माणूस आणला होता थेट स्पेनचा. नाव एचेवारिया. संघातल्या पाली गावच्या पोरांनी त्याचा येशाबा केला, तोही ओ द्यायला लागला. तरुणपणी तिकडचा नावाजलेला खेळाडू, पण गुडघा फुटला, खेळ सुटला, मग शिकवणारा झाला, आणि या संघातून त्या संघात, बोटीतून मुंबईत, असं करत करत भोरला येऊन पोचला. इंग्रजी त्याला 'येस'पुरतं. राहायला-जेवायला गावातल्या धोंडाबाईकडं.

भात निघालं की मोकळ्या खाचरात सराव. येशाबा बांधावर उभा राहून तोंडाचा पट्टा सोडायचा, मान लाल, मिशी थरथरतीय... आणि थांबून श्रीपादकडं बघायचा. झालं, सगळी पोरं श्रीपादकडं! याला त्यातलं अक्षर कळत नाही. मग हा घसा साफ करून सांगायचा, 'साहेब म्हणतात, छान चाललंय, फक्त चेंडू जरा लवकर सोडा, आणि उन्हातनं आल्यावर लगेच पाणी पिऊ नका.' एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढंसंच कसं, असं संघातल्या गेनूनं एकदा विचारलं, तर हा म्हणे, त्यांची भाषा ऐसपैस असते.

घरी बायको सौदामिनी रोज सांगायची, की खरं काय ते सांगून मोकळे व्हा. हा निघायचाही तसं ठरवून. पण कचेरीत पाऊल टाकलं की कारभारी खुशीत विचारणार, काय दुभाषे, काय म्हणतो संघ? आता नाही कसं म्हणायचं? नोकरी जायची की हो!

अशात आला पुण्याच्या लष्करातल्या संघाशी सामना. ते बूट घातलेले, आमचे अनवाणी. मध्यंतराआधीच आमचा गोलकीपर रखमाजी, त्याच्या दोन पायांमधनं चेंडू आत गेला, आणि मध्यंतर होताच येशाबा त्याच्या अंगावर धावला. बोलला, बोलला, श्वास न घेता बोलला... रखमाजीनं अंगातला सदरा काढून खाली टाकला.

'पंत,' तो श्रीपादला म्हणाला, 'ह्यो काय बोलला ते खरं सांगा. न्हाईतर मी चाललो पालीला.'

कारभारीही खुर्ची सोडून जवळ आलेले. श्रीपादनं तोंड उघडलं. पण समोर एवढा पेटलेला माणूस, त्याचं गोड तरी किती करणार?

'मला स्पॅनिश येत नाही,' तो म्हणाला.

आणि येशाबा काय म्हणाला असेल?

'ठावं हाय मला.'

तुम्हाला सांगतो, मराठीत! धोंडाबाईच्या चुलीपुढं बसून शिकलेलं, खणखणीत.

'कवापास्नं?' गडबडीत श्रीपादच्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

'लई दिस झालं. मी शिव्या घालतो म्हून माझा दर संघ मोडला. माझ्या मुलखात बी, ममईत बी. हितं मी शिव्या घालतो, तुमी ग्वाड बोलता, आन् पोरं दुसऱ्या दिशी परत येत्यात. मंग मी कशाला त्वांड उगडू?'

आधी रखमाजी हसला. सदरा झटकून त्यानं परत अंगात घातला. कारभाऱ्यांनी तोंडापुढं उपरणं धरलं, पण पोट हलत होतं ते दिसलंच. श्रीपाद मात्र तिथंच गवतात बसला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या छातीत पुरता वारा भरला. पुढं गेनूनं एक चेंडू कसाबसा आत ढकलला, सामना बरोबरीत सुटला, संघ राहिला, येशाबा राहिला, श्रीपादची नोकरीही राहिली.

आता दुभाष्याचं काम तरी सुटावं की नाही? तर नाही. येशाबा आता शिव्याही मराठीतच घालतो, पोरांना त्या अक्षरन् अक्षर कळतात, आणि कारभाऱ्यांचा हुकूम झालाय... नाही कसं म्हणायचं? म्हणून बिचारा श्रीपाद रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून मराठीचं मराठीत भाषांतर करतो.