कापलेला होस

सून : इंजिनातली ही होसची नळी झिजली असेल, बाबा. रबरच ते. तुम्हीच म्हणता, वय झालं की तडकतं.

सासरे : तडकलेलं रबर म्हाताऱ्याच्या टाचेसारखं दिसतं, वेडंवाकडं. टॉर्च खाली धर, होसच्या पोटाशी. ही रेघ सरळ आहे. ब्लेडची आहे.

सून : ब्लेड कोण मारेल?

सासरे : माझा लेक. सपाटीवर गाडी गुमान चालते. चढावर टर्बोची हवा दाबाने आली की ही चीर उघडते. हवा शिट्टी मारत फुस्स, गाडी मेली. आणि तुझ्या ताईच्या गावाला जायचं तर घाट चढावाच लागतो.

सून : त्या दिवशी घाटात मीच फोन केला त्यांना. गाडी ओढत नाही, घ्यायला या म्हणून. आले. पाणी पाजलं. मला वाटलं, माणूस बदलला.

सासरे : आणि घरी आणून तुझा हात मोडला. पकड दे. प्लास्टरचा हात नको, दुसरा.

सून : बाबा, खरं सांगा. मी आज निघतेय हे त्यांना कळवलंत का तुम्ही?

सासरे : हा घे माझा फोन. तुझ्याच पिशवीत ठेव.

सून : नको तसं...

सासरे : ठेव. बाप आहे मी त्याचा, विश्वास ठेवू नकोस. हा फिल्टरकडचा होसही बदलतो. कापलेला नाही, पण लोळागोळा झालाय. टर्बोने ओढ घेतली की आत चेपतो.

सून : राहू द्या तो. यायची वेळ झाली त्यांची.

सासरे : अर्धी गाडी देऊन पाठवू तुला?

सून : मग नव्याला तेल लावते जरा, पटकन चढेल.

सासरे : खबरदार! तेलाने चढतो, तसाच दाबाने निसटतो. पाईप कोरडा पूस. अजून. घाटात बसून पुन्हा त्यालाच फोन करायचाय?

सून : पुसला.

सासरे : मी होस धरतो, क्लिप तू आवळ. बास, बास! जीव नको घेऊस, क्लिपच रबर कापेल. आता चालू करून रेस दे.

(इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो.)

सून : ती शिट्टी गेली, बाबा.

सासरे : जाणारच. घाटात खालचा गिअर ठेव. आणि मागे बघू नकोस.

सून : तुम्हीही चला ना. ताई नाही म्हणणार नाही.

सासरे : घर रिकामं दिसलं तर तो लगेच गाडी काढेल. मी दिसलो तर आधी माझ्याशी भांडेल. तेवढ्यात तू घाट ओलांडशील.

सून : भांडणार नाहीत नुसते. हात टाकतील तुमच्यावर.

सासरे : तू या घरात येण्याआधी तो कुणावर हात टाकायचा, पोरी?