जज्जबाईंनी तीनदा वाचून दाखवलं

...नाही, पण मी म्हणते, अकरा जणांना जे ऐकू आलं नाही ते मला एकटीला कसं आलं? बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून माझे कान गेलेत, तुम्हाला सांगते, आणि तरी...

खटला रॉइस बीलचा. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यातल्या या बंदरगावात रॉइस सगळ्यांचा लाडका, कुणाची होडी अडकली की पहिला धावणारा. ऑगस्टच्या जत्रेत घोड्याचा नाल खुंटीवर फेकायचा सामना तो हरला, चिडला, आणि किलोभराचा तो लोखंडी नाल न बघता खांद्यावरून मागे भिरकावला. मागे माणसं उभी. डॉर्कस एमर्टनचा जबडा मोडला, सहा आठवडे बाई नळीनं सूप ओढत होती.

जज्जबाईंनी आम्हा बारा जणांच्या ज्युरीला वाचून दाखवलं, "मारायचा हेतू होता का, हा प्रश्न नाही. इजा होईल हे त्याला स्वतःला कळलं होतं का, आणि कळूनही त्यानं बेफिकिरीनं ते केलं का, एवढंच ठरवा."

कळलं होतं, तरी केलं. आता यात अवघड काय आहे?

पण खोलीचं दार लागलं आणि आमचा म्होरक्या ॲल्टन, तो किराणावाला, म्हणतो, "व्हर्ना, पोरगं मुद्दाम करेल का गं?" अरे, मुद्दाम म्हणतंय कोण? तर शेजारची, "त्याला कळायला हवं होतं हे खरं, पण..." हवं होतं नाही बाई, कळलं होतं का ते सांग. मी जज्जबाईंना चिठ्ठी पाठवली, त्यांनी परत वाचलं. परत खोलीत तेच, "बिचाऱ्याचा हेतू..." दुसऱ्या दिवशी परत चिठ्ठी, परत वाचन. ॲल्टन म्हणतो, "बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय सुटका नाही. तुझ्यापायी आम्ही इथंच म्हातारे होणार."

मग मीच विचारलं, त्याच्या वकिलानं काय सांगितलं? की रॉइस किती काळजीवाला, नाल फेकताना "मागचे, सरका" म्हणून ओरडला. बरं. म्हणजे मागे माणसं आहेत हे त्याला ठाऊक होतं. मग सरकायला वेळ दिला? ओरडला आणि त्याच श्वासात फेकला.

कळलं होतं, तरी केलं.

ॲल्टननं चष्मा काढला, पुसला, आणि सगळ्यात आधी हात वर केला तो त्यानंच.

दोषी ठरला. तेव्हापासून अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही. नका बोलू. उद्या परत बसवलं तर परत हेच म्हणेन.

आणि परवा पोस्टात डॉर्कस भेटली. मला वाटलं, चला, ही तरी दोन शब्द बरे बोलेल... तर म्हणते कशी, "व्हर्ना, एवढ्या उघड गोष्टीला दोन दिवस? तुमच्यात नक्की अडून कोण बसलं होतं?"



मी म्हटलं, मीच.