कुलरवाल्याच्या गाडीतला एसी

मी मूळचा उदगीरचा. महालिंग माझं नाव, पण लातुरात कुलरवाले अप्पा म्हणल्याबिगर तुम्हाला कुणी घर दाखवणार न्हाई. आमचे वडील पत्र्याच्या पेट्या करायचे, लेकीला लग्नात द्यायच्या त्या, निळ्या, वर गुलाबाचं फूल काढलेल्या. मी कातर धरायला शिकलो तवर पेट्यांचे दिवस सरत आले व्हते आन् कुलरचे लागले व्हते. पत्रा तोच, कातर तीच, पेटीला तीन बाजूंनी जाळी पाडली, जाळीत वाळा भरला, आत पंखा, खाली पाणी, झाला कुलर. लातूरला दुकान टाकलं आन् चाळीस वर्षं तेच केलं. काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात माणसं दारात बसून राहायची, अप्पा घरात म्हातारं हाय, अप्पा बाळंतीण आलीया, आमचा आधी करा. मी समद्यांना एकच सांगायचो, समोरची खिडकी उघडी ठेवा, हवेला जायला वाट पाहिजे, आन् वाळा कोरडा पडू देऊ नका. पाणी आन् वारा ज्याला कळला त्याला गारवा कळला, असं म्हणायचो. लई म्हणायचो. त्याचंच सांगायचंय.

आमची मालकीण सुगला, निलंग्याकडची. बोलायला कमी, कामाला वाघीण. वाळ्याच्या टट्ट्या तीच बांधायची, बोटं सोलून निघायची पण टट्टी अशी घट्ट की थेंब वाया जायचा न्हाई. आठ वरसं झाली, तिच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग एकदा कढत पाण्यानं आंघोळ केली आन् हात लुळा पडला, तासाभरानं आपोआप ठीक झाला. डॉक्टर म्हणले हे नसांचं दुखणं हाय, मुळातून जाणार न्हाई, जपायचं, आन् ह्या बाईला उष्णता वैरी हाय. घ्या आता. मराठवाड्यात राहायचं आन् उष्णता वैरी. आन् नवरा कोण, तर कुलरवाला.

तिला हाताची काळजी एकाच गोष्टीसाठी व्हती. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, इभूत लावायची, बेलाचं पान वाहायचं, मगच तोंडात घास. स्वयंपाक गेला तर जाऊ द्या, म्हणायची, लिंग धरण्यापुरता हात राहू दे. ते हातातून खाली पडणं म्हणजे आमच्यात लई वाईट, मरणाच्या बरोबरीचं धरतात.

एसटीत तिला बसवेना, आडवं व्हावं लागायचं. घरात पडून पडून माणूस वाळून चाललं व्हतं. तवा मी ही गाडी आणली, ती बघा दारात उभी हाय ती. हैदराबादच्या एका माणसानं हौसेनं जुन्या मिनीबसचं घर बनवलेलं, दोन पलंग, हात धुवायला जागा, चहाचा ओटा, मागं जनरेटर आन् छपरावर एसी. माणसं हसली, अप्पांनी म्हातारपणी बिऱ्हाड चाकावर घेतलं. हसू द्या. सुगला पलंगावर पडून काचेतून बाभळी बघायची, शेरडं बघायची, आन् मला मागून हाक मारायची, अहो, हळू घ्या, हे गाव नीट बघू द्या. दोन वरसं लई सुखाची गेली, खोटं बोलणार न्हाई.

पण गाडी जुनी, एसी पण जुना. भर उन्हात तो कण्हायचा, म्हणावं तसं गार करायचा न्हाई. दुसरा कुणी असता तर मिस्त्रीकडं गेला असता. मी छपरावर चढलो, हात लावून बघितलं, त्याच्या बाजूची जाळी चुलीवानी तापलेली. म्हणलं, ह्याला पाणी दाखवायला पाहिजे. चार टट्ट्या बांधल्या, त्याच्या भवती कसून लावल्या, एक बारीक मोटार आन् नळी टाकून गाडीच्या टाकीत भरलेलं बोअरचं पाणी थेंब थेंब सोडलं. सुगला खाली दारात उभी व्हती. म्हणली, अहो, ते यंत्र वेगळं हाय, त्याच्यावर पाणी नका घालू. मी म्हणलं, चाळीस वरसं वारा गार करून राहिलो मी, तू मला शिकवती व्हय. ती आत गेली. आन् काय सांगू, त्या उन्हाळ्यात एसी असा गार पडला की तिनं शाल मागितली! मी तर गल्लीभर सांगितलं. जो भेटंल त्याला गाडीत बसवून दाखवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो मधीच बंद पडायला लागला. दहा मिनिटं चालला की टक करून बंद, थंड झाला की पुन्हा चालू. एका मिस्त्रीनं खालूनच बघून ग्यास भरला. दुसऱ्यानं जनरेटरला नाव ठेवलं. टट्ट्या सोडून आत बघा असं मी कुणाला म्हणलो न्हाई, माझं काम त्यात व्हतं, त्यात चूक कशी असंल. मी आपलं पाणी वाढवलं.

तशात मुदखेडहून लेकीचा फोन आला. राजश्रीला मुलगी झाली व्हती, पहिलीच. बारसं भर मे महिन्यात. म्हणली, आईच्या मांडीवर दिल्याशिवाय नाव ठेवणार न्हाई. जावई चांगला माणूस, म्हणला, मामा, एसी गाडी घेऊन मी येतो, मागची सीट पाडून देतो, त्या आरामात झोपतील. मी म्हणलं, कशाला, आपली हाय की. तेवढं एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर.

सकाळी निघायला उशीर झाला. सुगला म्हणली, पूजा वाटेत करते, गाडीत गार असतं. अहमदपूर मागं पडलं आन् एसी टक करून बंद झाला, परत चालू व्हायचं नावच घेईना. गाडी लिंबाखाली घेतली, छपरावर चढलो, हंडाभर पाणी ओतलं, जाळी चर्रर वाजली. खाली येऊन मी काय केलं असंल? समद्या खिडक्या उघडल्या. हवेला वाट पाहिजे ना, चाळीस वरसांची सवय. जी थोडी गार हवा आत व्हती तीबी गेली आन् फुफाटा आत आला. तशीच गाडी पुढं दामटली. मी आरशात बघत व्हतो, सुगलानं गळ्यातलं लिंग सोडलं, डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातानं इभूत लावली.

आन् मला आवाज आला. पत्र्यावर खडा पडावा तेवढाच.

गाडी थांबवून मागं गेलो तर लिंग पलंगाखाली गेलेलं, आन् ती त्याच्याकडं बघत बसलेली, हात मांडीवर उताणा पडलेला, बोटं उघडी. ती रडली न्हाई हो. मी गुडघ्यावर बसून लिंग काढलं, पाण्यानं धुतलं, तिच्या गळ्यात बांधलं. ओला पंचा तिच्या डोक्यावर घातला आन् गाडी नांदेडला नेली. किती वेळ लागला मला ठाऊक न्हाई. शिवा शिवा करत गेलो.

वाटेतून मी कळवलं व्हतं, तसं नांदेडात जावयानं फोन करून एक जुना मिस्त्री उभा केला व्हता, गफारभाई. सुगलाला त्यानं आपल्या घरात नेऊन झोपवलं, त्याच्या बायकोनं पाय पुसले, पंखा लावला. मग तो छपरावर चढला आन् माझ्या टट्ट्या उपटून खाली फेकल्या. मला वर बोलावलं. बघतो तर एसीची जाळी दिसतच न्हाई, नुसतं पांढरं. बोअरच्या खाऱ्या पाण्याची पापडी, जाळीच्या फटी बुजलेल्या. त्यानं पान्ह्यानं खरवडलं, माझ्या हातावर भुकटी ठेवली. म्हणला, चाचा, ये पानी कौन डाले? मी म्हणलं, मी. तो म्हणला, पैल्या साली गार लागलंच असंल तुमाला, पण पाणी वाळून जातं चाचा, खार जात न्हाई. ह्याला कोरडी हवा पाहिजे, आन् तुम्ही त्याचं नाकच लिंपलं.

आता सांगा, हे मला ठाऊक नव्हतं का? दर साली गिऱ्हाइकाला मीच म्हणायचो, टट्टी बदला, पापडी धरलीया, वारा येणार न्हाई. दुसऱ्याच्या कुलरमधली पापडी मला दिसायची. माझ्या छपरावरची दिसली न्हाई, कारण मी बघितलंच न्हाई.

गफारभाईनं घासून, धुऊन, वाकलेली पाती कंगव्यानं सरळ करून एसी चालू केला. मुदखेडला पोचलो तवा पाव्हणे जेवून गेले व्हते, पाळणा मात्र थांबवून धरला व्हता. राजश्रीनं लेकरू आईच्या मांडीवर दिलं. सुगलानं एका हातानंच धरलं. लेकीनं आईच्या दुसऱ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पाळण्याच्या दोरीला बांधलेली फुलं बघत राहिलो.

वरीस होत आलं त्याला. आधी हात लुळा पडला की परत यायचा. ह्या वेळी अर्धाच आला. डॉक्टर म्हणतात दुखणं वाढायचंच व्हतं अप्पा, त्या उन्हानंच झालं असं म्हणता येत न्हाई. झालं न्हाई असंबी ते म्हणत न्हाईत. गफारभाईचं बोलणं सुगलानं खिडकीतून ऐकलं व्हतं, मला माहीत हाय. पण वरीसभरात एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

गाडी आता ठीक चालती. दर महिन्याला मी कोरड्या ब्रशनं जाळी झाडतो, खिडक्या बंद ठेवतो. उन्हाळ्यात बसायला ती नको म्हणती, मी बळजबरी करत न्हाई.

रोज सकाळी ती पूजेला बसली की मी समोर बसतो. तिच्या डाव्या हाताखाली माझा हात धरतो, तिच्या तळहातावर लिंग. तिचा हात थरथरतो, वय झालं, माझाबी थरथरतो, पण दोन मिळून धरलं की पडत न्हाई. परवा इभूत लावता लावता म्हणली, तुमचा हात गार लागून राहिला, असाच धरा. एवढंच म्हणली. मी चाळीस वरसं गावाला गार करत बसलो हो, आन् तिच्या कामाला हा एवढाच गारवा आला.

बसा, चहा घेऊन जा. पण लवकर निघा, दहाच्या आत घर गाठा. ऊन कुणाचं न्हाई, माय. शिव तुम्हाला सावलीत ठेवो.