शिंप्याची कोरडी भिंत

नाही, पण मी म्हणतो, गळू नये म्हणजे किती गळू नये? तुम्हाला सांगतो, मागच्या अंगणातलं ते तळं, बायकोनं हौसेनं खणून घेतलेलं, ती गेली, मासे राहिले, आणि तळं गळायला लागलं... कुठं, तर खालच्या अंगाला शिंप्याचं दुकान आहे, नेमकं त्याच्या भिंतीत. रोज सकाळी शिंपी वर यायचा, टेप गळ्यात तशीच, आणि दारातूनच सुरू, "आजोबा, तुमचे मासे आता माझ्याकडे मापाला येणार बरं का." मग बसायचा. भांडायला बसायचा, पण बसायचा. चहा व्हायचा, भिंतीचं झालं की गिऱ्हाइकांचं, गिऱ्हाइकांचं झालं की मेव्हण्याचं... भांडण कसलं ते, माझी सकाळ होती ती.

तुम्ही म्हणाल, जन्मभर तळ्यांच्या तळाला मातीच्या चादरी अंथरल्या या माणसानं, आणि स्वतःचं तळं गळू देतो? देतो. घाई कुणाला होती? पण शिंपी खोकायला लागला हो. ओलीचा खोकला, चहाचा कप हातात धरवेना त्याला. मग मात्र मी आमच्या जुन्या मुकादमाला फोन केला, आणि त्यानं कामावर उरलेले चादरीचे दोन तुकडे टेम्पोत घालून पाठवून दिले.

चादर म्हणजे काय, तर दोन जाड कापडं, मध्ये सुकी माती, आणि सगळं सुयांनी टोचून एकजीव केलेलं. शिंप्यानं ती चिमटीत धरून पाहिली, तोंड वाकडं केलं, म्हणाला, हयात गेली कापड कापण्यात, कापडानं पाणी अडतं होय? म्हटलं, बाबा, कापड नाही, माती अडवते. ओली झाली की फुगते आणि भोकं आपली आपण बुजवते. फक्त वर ओझं पाहिजे. मोकळी भिजली तर नुसती फुगून बसते, कामातून जाते.

काय दिवस गेला तो! मासे टबात, तळं उपसून वाळवलेलं, आणि आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यावर. दोन तुकडे जोडायची वेळ आली तर हा सुईदोरा घेऊन हजर! मी सांगतोय, एकाची कड दुसऱ्यावर चढवायची, मध्ये तीच सुकी माती भुरभुरायची, झाला जोड. तो म्हणतोय, शिवण नाही तो जोड कसला? शेवटी माझा डोळा चुकवून एका कोपऱ्यात चार टाके घातलेच त्यानं. राहू दिले. मग वर माती पसरली, दाबली, पाणी सोडलं, आणि तुम्हाला सांगतो, थेंबसुद्धा गळला नाही.

पुढं काय? भिंत वाळली. खोकला गेला. आणि शिंपी यायचा थांबला... येईल कशाला, तक्रारच उरली नाही. मी आपलं दोघांपुरतं आधण ठेवायचो आणि एकटाच दोन कप प्यायचो. मनात आलं, एखादी सळई खुपसावी का तळाशी? पण काय उपयोग, भोक बुजवेल ती माती, कामच तसं चोख झालंय, थेंबसुद्धा गळणार नाही. आणि खोकला आठवला त्याचा... सळई ठेवून दिली.

मग एक दिवस कापड घेऊन मीच खाली गेलो. शर्ट शिव म्हटलं. त्यानं माप घेतलं, भिंतीला पाठ टेकून मेव्हण्याचं राहिलेलं सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तो म्हणाला, "आजोबा, माप आहे की माझ्याकडे."

म्हटलं, "बघ ना बाबा, वाढलो असेन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गळ्यातली टेप काढली, माझ्या खांद्यावर ठेवली, आणि अगदी सावकाश माप घेतलं.

आता कपाटात शर्ट मावत नाहीत. सगळे नवे, सगळे बेतशीर. आणि घालून जायचं म्हटलं तर ठिकाण एकच... शिंप्याकडे.